ॲल्युमिनियमची बॉडी, पोलादी स्टेटर, ठिसूळ चुंबक: मोटर बांधताना वेगवेगळे धातू कसे जोडायचे

प्रश्न थोडक्यात असा. साधारण ५ किलोवॅटची, रोटरवर (फिरणाऱ्या भागावर) चुंबक असलेली बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर स्वतः बांधायची आहे. बॉडी ६०६१-टी६ ॲल्युमिनियमची, भिंत ६ मिमी जाड. स्टेटर (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) सिलिकॉन स्टीलच्या स्टॅम्पिंगचा, म्हणजे पातळ पत्र्यांच्या चळतीचा, बाहेरचा व्यास १२० मिमी, लांबी ५० मिमी. शाफ्ट ईएन२४ या मिश्र पोलादाचा, हबपाशी (चुंबक धरणाऱ्या भागापाशी) २५ मिमी आणि बेअरिंगपाशी २० मिमी. चुंबक एन४२एसएच ग्रेडचे निओडायमियम, जास्तीत जास्त वेग ८००० आरपीएम. स्टेटर बॉडीला टिग वेल्डिंगने टाके मारून बसवावा की प्रेस करावा, आणि बाकीचे सांधे कशाने करावेत?

स्टेटर वेल्ड करू नका. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पोलाद १५०० च्या आसपास. पण खरी अडचण त्या फरकाची नाही. वितळलेले ॲल्युमिनियम पोलादाला भिडले की मध्ये लोह-ॲल्युमिनियमच्या संयुगांचा थर तयार होतो आणि तो काचेसारखा ठिसूळ असतो. टाका वरून चांगला दिसतो, पण थंड होतानाच कडेने तडकतो, नाहीतर पहिल्या धक्क्याला सुटतो. त्यात स्टॅम्पिंगच्या कडा वितळून एकमेकींना चिकटल्या की पत्र्यांमधले इन्सुलेशन तिथे संपले. तेवढ्या भागात एडी करंट (लोखंडात घुमणारा प्रवाह) वाढतो आणि रिकामी फिरतानाही मोटर तापते. घर्षण वेल्डिंगने किंवा स्फोटाच्या दाबाने पोलाद आणि ॲल्युमिनियम जोडता येतात, पण ते मोठ्या कारखान्यांचे काम आहे.

मोटरीतल्या वेगवेगळ्या धातूंच्या सांध्यांसाठी एकच सवय लावून घ्यायला हवी: सांधा गरम झाल्यावर त्याचे काय होईल ते आधी कागदावर काढायचे आणि मगच लेथवर जायचे. टेबलावर थंड असताना हातोडीनेही न हलणारा सांधा १२० अंशांना बोटाने फिरू शकतो. हिशेबाला लागतात ते प्रसरणाचे आकडे. एक मीटर लांबी एक अंश तापली की पोलाद आणि स्टॅम्पिंग १२ मायक्रॉन वाढतात, तांबे १७, ३०४ स्टेनलेसही १७, पितळ १९ आणि ६०६१ ॲल्युमिनियम २३. निओडायमियम चुंबकाचे वागणे विचित्र आहे. ज्या दिशेने तो मॅग्नेटाइझ केलेला असतो त्या दिशेने तो ५ च्या आसपास वाढतो आणि आडव्या दिशेने जवळजवळ वाढतच नाही, उलट किंचित आकसतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद यांच्यातला फरक ११ मायक्रॉनचा. हा आकडा पुढे सगळीकडे लागेल.

आता स्टेटर आणि बॉडी. २५ अंशांपासून १२५ अंशांपर्यंत १०० अंशांची वाढ धरा. १२० मिमी व्यासावर बॉडीचे भोक स्टेटरपेक्षा ०.१३२ मिमी जास्त मोठे होते. म्हणजे थंड असताना व्यासावर ०.१३ मिमीपर्यंतचा इंटरफेरन्स (भोक स्टेटरपेक्षा जेवढे लहान ठेवतो तेवढे माप) दिला असेल तर गरम झाल्यावर तो पूर्ण संपला. बरेच टर्नर नेहमीच्या सवयीने एच७/पी६ (तक्त्यातला ठरावीक घट्ट) फिट देतात. या व्यासाला त्यात जेमतेम ०.००२ ते ०.०५९ मिमी इंटरफेरन्स मिळतो. पोलादात पोलाद बसवताना तो ठीक आहे. इथे मात्र मोटर तापली की स्टेटर सुटा होतो, टॉर्कच्या झटक्याने बॉडीत गोल फिरतो आणि वाइंडिंगची टोके मुळातून तोडतो. प्रत्यक्षात बॉडी स्टेटरपेक्षा थोडी थंड असते, त्यामुळे सैलपणा हिशेबापेक्षा कमी येतो. पण त्या भरवशावर माप ठरवू नका. पंखा बंद पडला किंवा मोटर जोरात चालवून थांबवली की बॉडी आणि स्टेटर एकाच तापमानाला येतात.

तुमच्या मापाला ०.१९ ते ०.२१ मिमी इंटरफेरन्स ठेवा. स्टेटरचा सरासरी व्यास १२०.०० असेल तर भोक ११९.७९ ते ११९.८१. थंड असताना बॉडीत साधारण ११५ मेगापास्कल ताण येतो. ६०६१-टी६ ची यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जातो ती मर्यादा) २७० च्या आसपास असते, त्यामुळे ती हे सहज पेलते. १२५ अंशांना ०.०६ मिमीच्या आसपास पकड उरते, म्हणजे ६ मिमी भिंतीला तीन-साडेतीन मेगापास्कल दाब. ५० मिमी लांबीवर घर्षणाचा गुणांक ०.१ धरला तरी घसरायला कागदावर साडेतीनशे न्यूटन-मीटर लागतात. स्टॅम्पिंगची बाहेरची बाजू करवतीसारखी असते आणि खाचांचा स्टेटर थोडा दबतो, म्हणून यातले निम्मेच खरे धरा. ५ किलोवॅटच्या मोटरीचा झटक्याचा टॉर्क तीस-चाळीसच्या आत असतो, म्हणजे पुरेसे आहे. जास्त पकड हवी म्हणून ०.३० वर जाऊ नका. स्टॅम्पिंग दाबाखाली राहिले की त्याचे चुंबकीय गुण बिघडतात आणि लोहव्यय (लोखंडात उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा) वाढतो.

हे आकडे ६०६१-टी६ चे आहेत. बॉडी ओतून घेणार असाल तर आधी मिश्रधातू विचारा. कोल्हापूरच्या बाजूला ओतकाम करून घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण वाळूत ओतायला सोपा म्हणून बहुधा एलएम६ हा ओतीव ॲल्युमिनियमचा मिश्रधातू पुढे केला जातो. एलएम६ चे प्रसरण थोडे कमी, म्हणजे २० आहे, पण वाळूत ओतलेल्या एलएम६ ची यील्ड ६०-७० मेगापास्कलच. गरम असताना पकड उरेल इतका इंटरफेरन्स दिला की थंडपणीच तो धातू ताणून कायमचा मोठा होतो. मग सांधा ना थंडपणी घट्ट राहतो ना गरमपणी. भिंत जाड करूनही हा ताण फारसा कमी होत नाही, कारण तो भिंतीच्या जाडीपेक्षा इंटरफेरन्स आणि व्यास यांच्या गुणोत्तरावर ठरतो. ओतायचेच असेल तर एलएम२५ घ्या आणि टी६ हीट ट्रीटमेंट करून घ्या. किंवा एलएम६ राहू द्या, पण स्टेटर हलक्या फिटमध्ये बसवून टॉर्क अडवण्यासाठी बॉडी आणि स्टेटरच्या सांध्यावर लांबीच्या दिशेने दोन-तीन पोलादी पिना घाला.

भोक टर्न करताना दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे पातळ बॉडी तीन जबड्यांच्या चकात आवळून भोक काढणे. चकात ते गोल दिसते. चक सोडला की बॉडी मूळ आकारावर येते आणि भोक तिकोनी होते. मऊ जबडे बॉडीच्या व्यासाला बोअर करून घ्या, किंवा बॉडीला एका टोकाला जाड फ्लँज ठेवून ती फेसप्लेटवर बोल्टने धरा. दुसरी चूक मापाची. नुकती टर्न केलेली बॉडी हाताला कोमट लागत असेल तर ती दहा अंशांनी तरी गरम आहे आणि १२० मिमीवर तेवढ्यानेच भोक ०.०२८ मिमी मोठे दिसते. शेवटचा कट मारण्याआधी ती तासभर थंड होऊ द्या. मोजताना बॉडी, बोअर गेज आणि स्टेटर एकाच तापमानाला असावेत. स्टेटरचा व्यास तीन उंचीवर, प्रत्येक उंचीवर तीन दिशांनी मोजा. स्टॅम्पिंग कधीच अगदी एका रेषेत नसतात. व्यास जास्त भरला तर स्टेटर लेथवर टर्न करू नका. टूल पत्र्यांच्या कडा एकमेकींवर लोळवते आणि पुन्हा तेच शॉर्ट होतात. हलके ग्राइंडिंग करा आणि नंतर कडांवरची चिकटलेली बर साफ करा.

बसवण्याची पद्धत. आत घालायच्या तोंडाला १५ अंशांचा, २-३ मिमी लांब चेम्फर (तिरकी कड) द्या आणि आत स्टेटर टेकेल अशी पायरी ठेवा. बॉडी ओव्हनमध्ये १८० अंशांना तासभर ठेवा. भोक जवळपास ०.४३ मिमीने मोठे होते, म्हणजे ०.२ मिमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक मिळते. गॅसच्या बर्नरने तापवू नका. ज्योतीखाली एखादी जागा ३०० अंशांवर जाते आणि टी६ ची ताकद तिथे कायमची उतरते. ओव्हनमध्ये १८० ला तासभराने तसे काही होत नाही. स्टेटर वाइंडिंग आणि वार्निश करून तयार असला तरी चालतो. स्टेटरचे वजन आणि उष्णता धारण करण्याची क्षमता जास्त, त्यामुळे वाइंडिंग १८० पर्यंत जातच नाही. स्टेटर फ्रीजरमध्ये ठेवून आकसवण्याचा मोह मात्र टाळा. मिळतात फक्त सहा-सात शतांश मिमी, आणि बाहेर काढल्याबरोबर सगळ्या वाइंडिंगवर पाणी धरते. पावसाळ्यात तर अक्षरशः थेंब ओघळतात.

स्टेटर उभ्या गाइडवर ठेवा आणि गरम बॉडी वरून सरळ खाली सोडा. पाच-सहा सेकंदांत काम व्हायला हवे, म्हणून आधी थंडपणी हातमोजे घालून रिकामी तालीम करा. वाइंडिंगची टोके कुठून बाहेर येणार, कोणती खूण कशासमोर येणार, हे त्या वेळी ठरवून ठेवायचे. अर्ध्यात अडकली तर ठोकू नका. ठोकल्याने शेवटचे पत्रे उघडतात आणि खाचांतला स्लॉट पेपर फाटतो. सगळे परत ओव्हनमध्ये घाला. बॉडी आधी तापते, तेवढ्या वेळात ती सुटते. पूर्ण बसल्यावर दहा-पंधरा मिनिटे वरून वजन ठेवा. थंड होताना ॲल्युमिनियम लांबीतही आकसते. त्या वेळी स्टेटर पायरीपासून जरा सुटला तर रोटर आणि स्टेटर समोरासमोर येत नाहीत.

पकडीच्या भरीला लॉकटाइट ६३८ किंवा ६४८ (धातूचे सांधे धरणारा द्रव गोंद) घालावे का, असा पुढचा प्रश्न येतो. या श्रिंक फिटमध्ये त्याची गरज नाही. गरम बॉडीवर ते नीट पसरतही नाही. अशी द्रव्ये कमी इंटरफेरन्सच्या सांध्यात कामाची. ती हवा नसलेल्या फटीत, धातूच्या संपर्काने घट्ट होतात. पोलाद आणि पितळ त्यांना चालते. पण ॲनोडाइझ केलेले ॲल्युमिनियम, स्टेनलेस, झिंक प्लेटिंग अशा निष्क्रिय पृष्ठभागांवर ती तासन्तास ओली राहतात. तिथे ७६४९ ॲक्टिव्हेटर लावावाच लागतो. सांध्याची जागा ॲनोडाइझ होऊ न देता मास्क करून घेतली तर ते त्याहून चांगले.

बेअरिंगचे घर ही दुसरी मोठी जागा, आणि घरी बांधलेल्या मोटरी तिथेच जास्त बिघडतात. ६२०४ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिमी. बेअरिंग धरणारे टोकाचे कव्हर ६० अंशांनी तापले की ॲल्युमिनियमचे घर बेअरिंगपेक्षा ०.०३१ मिमी मोठे होते. अगदी घट्ट म्हणून पी७ फिट दिला तरी त्यात सरासरी इंटरफेरन्स ०.०२४ च्या आसपास. म्हणजे गरमपणी बाहेरची रिंग मोकळी होऊन हळूहळू सरकत फिरते, ॲल्युमिनियम घासते, काळी पूड पडते आणि शेवटी रोटर स्टेटरला लागतो. जास्त घट्ट केले तर थंडपणी बेअरिंगच्या आतली मोकळीक संपून ते आवाज करते. यावर खरा उपाय एकच, पोलादी बुश. ५ मिमी भिंतीचा, म्हणजे बाहेर ५७ मिमी व्यासाचा, कॉलर असलेला बुश करा. तो कव्हरमध्ये ०.०६-०.०७ इंटरफेरन्सने तापवून बसवा, आणि बुशचे आतले भोक कव्हरमध्ये बसल्यावरच, बॉडीत बसणाऱ्या स्पिगॉटसोबत (कव्हरच्या गोल ओठासोबत) एकाच सेटिंगमध्ये बोअर करा. आधी बोअर करून मग बसवला तर भोक दबते आणि मध्य सरकतो. बुशमध्ये आता पोलादात पोलाद आले, नेहमीचे एच७ किंवा जे७ चालते. बेअरिंग सी३ (नेहमीपेक्षा जास्त) मोकळिकीचे घ्या.

दोन्ही बेअरिंग दोन्ही बाजूंनी जखडू नका. बेअरिंगमधले अंतर २०० मिमी असेल आणि सगळे ६० अंश तापले तर बॉडी शाफ्टपेक्षा ०.१३ मिमी जास्त लांब होते. मोटर सुरू करताच रोटर आधी तापला तर काही काळ याच्या उलटही घडते. पुढचे बेअरिंग सर्कलिप किंवा प्लेटने पक्के धरा. मागचे घरात सरकू द्या, त्याच्यामागे वेव्ह वॉशर घाला आणि अर्धा मिमी जागा ठेवा. मागची रिंग फिरू नये म्हणून बुशमध्ये खाच काढून ओ-रिंग बसवता येते.

शाफ्ट आणि हब. चुंबक रोटरच्या पृष्ठभागावर असतील तर त्यांच्याखाली मऊ पोलाद लागतेच, कारण चुंबकीय मार्ग तिथून पूर्ण होतो. ईएन८ चा हब, ईएन२४ चा शाफ्ट, एच७/एस६ फिट, हब तापवून. दोन्ही पोलाद असल्याने प्रसरण सारखे आणि सांधा गरमपणीही तसाच राहतो. हब शाफ्टला वेल्ड करू नका. ईएन२४ मध्ये ०.४ टक्के कार्बन आणि निकेल-क्रोम-मॉली असते. आधी तापवल्याशिवाय टाका मारला की कडेची जागा कडक होऊन तडकते, आणि शाफ्ट वाकतो तो वेगळाच.

वजन कमी करायला काही जण मध्ये ॲल्युमिनियमचा हब आणि त्यावर पोलादी कडे, अशी रचना करतात. चालते, पण त्यात दोन सांधे एकमेकांच्या उलट वागतात हे ध्यानात घ्या. शाफ्टवरचे ॲल्युमिनियम गरमपणी सैल होते, तर कड्याच्या आतले ॲल्युमिनियम गरमपणी अधिकच घट्ट होते. २५ मिमी शाफ्टवर १०० अंशांना ०.०२८ मिमी पकड जाते, म्हणून तिथे ०.०४५ ते ०.०५ इंटरफेरन्स द्या आणि टॉर्कसाठी ‘की’ (खाचेत बसणारी पोलादी पट्टी) घाला. ६० मिमी व्यासाच्या कड्यात मात्र गरमपणी ०.०६६ मिमीची भर आपोआप पडते. तिथे थंडपणी ०.०२ पुरे. घाबरून ०.०८ दिले तर गरमपणी कडे ताणले जाते आणि त्यावर चिकटवलेल्या चुंबकांच्या फटी उघडतात.

चुंबकांवर थोडे थांबायला हवे, कारण इथला हिशेब बहुतेक जण चुकीच्या बाजूने करतात. २० बाय ४० बाय ४ मिमीच्या चुंबकाचे वजन साधारण २४ ग्रॅम. ३५ मिमी त्रिज्येवर ८००० आरपीएमला त्याला बाहेर ओढणारे बल जवळपास ५९० न्यूटन, म्हणजे ६० किलो. ऐकायला मोठे वाटते, पण ८०० चौरस मिमीवर ते ०.७५ मेगापास्कलही भरत नाही. चांगल्या इपॉक्सीची ताकद त्याच्या कितीतरी पट असते. तरीही चुंबक सुटतात, कारण गोंद तुटतो तो प्रसरणाने. चुंबक लांबीत जवळजवळ हलत नाही आणि खालचे पोलाद हलते, फरक १३ मायक्रॉनचा. ८० अंशांना पक्का केलेला सांधा १५ अंशांपर्यंत थंड झाला की ४० मिमी लांबीवर ०.०३४ मिमी फरक पडतो, म्हणजे प्रत्येक टोकाला ०.०१७. चुंबक दाबून दाबून गोंदाचा थर ०.०२ मिमी केला असेल तर टोकाला त्याच्यावर ८५ टक्के विकृती येते आणि तो कडेपासून उलगडत आत येतो. थर ०.१ मिमी ठेवला तर तीच विकृती १७ टक्के. चुंबक २०-२० मिमीचे दोन तुकडे केले तर त्याच्याही निम्मी, आणि चुंबकातले एडी करंटही कमी होतात.

म्हणून गोंद लावून क्लँपने पिळू नका. ०.१ मिमी व्यासाच्या काचेच्या मण्यांची चिमूट इपॉक्सीत मिसळा. मणी थर धरून ठेवतात. इपॉक्सी लवचीक प्रकारचे, ओव्हनमध्ये पक्के होणारे घ्या आणि त्याचे काचसंक्रमण तापमान (ज्याच्या वर ते मऊ पडते) रोटरच्या तापमानाच्या वर आहे का ते डेटा शीटवर बघा. पाच मिनिटांत वाळणारी इपॉक्सी ६०-७० अंशांतच मऊ पडतात, ती इथे अजिबात नकोत. पोलादावर ८०-१२० नंबरचा पेपर किंवा शॉट ब्लास्ट, मग ॲसिटोन, आणि तासाभरात चिकटवायचे. पावसाळी हवेत उघडे पोलाद दुपारपर्यंत गंजाचा तांबूस पापुद्रा धरते आणि गोंद त्या पापुद्र्यालाच चिकटतो. चुंबकावरचे निकेल घासून काढू नका. ते दहा-वीस मायक्रॉनचेच असते, आणि ते गेले की निओडायमियम आतून गंजून भुकटी होते. ४०० नंबरने चमक उतरवा, ॲसिटोनने पुसा, बस. ओव्हनचे तापमान चुंबकाच्या ग्रेडच्या बरेच खाली ठेवा. एसएचची मर्यादा १५० अंश आहे, पण रोटर स्टेटरबाहेर उघडा असताना चुंबकावरचा विचुंबकी (चुंबकत्व घालवू पाहणारा) भार जास्त असतो, म्हणून ८०-१०० च्या वर जाऊ नका. चुंबकांच्या जवळ सोल्डरिंग किंवा ब्रेझिंग तर नकोच.

इतके करूनही वरून पट्टा बांधाच. इपॉक्सीत भिजवलेला काचेचा धागा ताणून गुंडाळा, जाडी ०.५ ते ०.८ मिमी, आणि एअर गॅप (रोटर आणि स्टेटरमधली फट) आधीच त्या हिशेबाने ठेवा. कार्बन धागा जास्त मजबूत असतो, पण तो वीज वाहतो आणि कडेला नीट इन्सुलेट करावा लागतो. पहिल्या मोटरीला काच बरी.

आता तांबे. वाइंडिंगची टोके केबलला जोडताना साधा ६०/४० सोल्डर वापरू नका. तो १८३ अंशांना मऊ व्हायला लागतो. एफ क्लासचे वाइंडिंग १५५ ला चालत असताना सांध्याचा स्वतःचा रोध धरला तर फार अंतर उरत नाही. तांब्याला तांबे जोडायला फॉस-कॉपरची सळई उत्तम. ती ७०० अंशांच्या वर वितळते आणि तांब्यावर तिला फ्लक्स लागत नाही, त्यातले फॉस्फरसच ऑक्साइड साफ करते. पितळी टर्मिनलला जोडताना मात्र फ्लक्स लावा. आणि फॉस-कॉपर पोलादाला कधीही लावू नका. फॉस्फरस आणि लोखंड यांचा ठिसूळ थर होतो आणि सांधा खडूसारखा तुटतो. तांबे किंवा पितळ पोलादाला जोडायचेच असेल तर ४५ टक्के चांदीची सळई आणि तिचा फ्लक्स. सळई घेताना कॅडमियमविरहित मागा, कॅडमियमचा धूर जीवघेणा असतो. ब्रेझिंग करताना वाइंडिंगच्या बाजूला ओले सुती कापड घट्ट गुंडाळा, नाहीतर उष्णता तारेतून आत जाऊन खाचेच्या तोंडाशी इनॅमल जाळते.

इनॅमल काढणे हाही सांध्याचाच भाग. पॉलियुरेथेनचे इनॅमल सोल्डरच्या उष्णतेत जळून जाते. १८० आणि २०० क्लासचे (तेवढ्या अंशांपर्यंत चालणारे) बहुतेक इनॅमल तसे जात नाही. ते ब्लेडने चारही बाजूंनी खरवडावे लागते. अनेक समांतर तारांच्या जुडग्यात आतल्या दोन तारा तशाच राहिल्या तर बाहेरून सांधा भक्कम दिसतो, पण करंट उरलेल्या तारांतून जातो आणि तीच फेज जास्त तापते. सांधा झाल्यावर तिन्ही फेजचा रोध चार तारांच्या पद्धतीने मोजा. दोन टक्क्यांच्या वर फरक दिसला तर उघडून बघा.

वाइंडिंग किंवा केबल ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याशी थेट जोडू नका. एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबे असलेल्या, घर्षणाने वेल्ड केलेल्या बायमेटॅलिक लग बाजारात तयार मिळतात, त्या वापरा. अर्थिंगलाही हेच: बॉडीवरचे ॲनोडाइझिंग नाण्याएवढ्या जागेत काढा, टिन चढवलेली तांब्याची लग, प्लेन वॉशर, स्प्रिंग वॉशर, बोल्ट, आणि वरून ग्रीस. नुसते तांबे ॲल्युमिनियमवर ठेवले तर दमट, खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम खाल्ले जाते. कोकणात किंवा गोव्यात एका पावसाळ्यात तिथे पांढरी भुकटी दिसायला लागते.

ॲल्युमिनियममध्ये एम६ चा बोल्ट किमान १२ मिमी आत जाऊ द्या. ज्या जागा पुन्हा पुन्हा उघडणार तिथे हेलिकॉइल (तारेचा पोलादी आटा) घाला आणि ७-८ न्यूटन-मीटरवर थांबा. स्टेनलेस बोल्ट घ्यायचेच असतील तर अँटी-सीझ ग्रीस लावल्याशिवाय नको, आत कायमचे जाम होतात.

दोन्ही कव्हर आणि बॉडी एका लांब बोल्टने आवळणार असाल तर त्याचाही हिशेब करा. २०० मिमी बॉडी ७० अंशांनी तापली की ती बोल्टपेक्षा ०.१५ मिमी जास्त वाढते आणि बोल्टवर जवळपास १५० मेगापास्कल ताण नव्याने चढतो. ८.८ ग्रेडचा बोल्ट थंडपणीच यील्डच्या सत्तर टक्क्यांपर्यंत आवळला असेल तर गरमपणी तो मर्यादेशी पोहोचतो, किंचित ताणला जातो, आणि थंड झाल्यावर ढिला सापडतो. पन्नास टक्क्यांवर आवळा आणि डोक्याखाली जाड, कडक वॉशर घाला, नाहीतर डोके ॲल्युमिनियममध्ये रुतते.

जोडणी झाली की पहिल्याच दिवशी पूर्ण लोड देऊ नका. स्टेटर आणि बॉडी, हब आणि शाफ्ट, बुश आणि कव्हर, प्रत्येक सांध्यावर पेंट मार्करने आडवी बारीक रेघ मारा. अर्ध्या लोडवर तापमान स्थिर होईपर्यंत चालवा, साधारण दीड-दोन तास. गरम असतानाच थांबवून रेघा बघा, मग पूर्ण लोडवर तेच करा, आणि रात्रभर थंड झाल्यावर पुन्हा बघा. एखादी रेघ तुटलेली दिसली तर त्या सांध्याचा इंटरफेरन्स गरमपणी संपला आहे. तिथे बाहेरून गोंद ओतून भागणार नाही, उघडून माप बदलावे लागेल. शेवटी रोटर बाहेर काढा आणि प्रत्येक चुंबकावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच टकटक करा. चिकटलेला चुंबक भरीव वाजतो, कडेने सुटायला लागलेला पोकळ वाजतो.